पुरे म्हटलं होतं

कुसुमावतीबाईंच्या फाटकाच्या आत गुजराती चालत नसे. बाहेरचं बाहेर. खंडेराव मार्केटात त्या अशी फर्डी गुजराती झाडत की भाजीवाल्या भाव पाडून वर कोथिंबीर घालत. पण गोत्रीतल्या बंगल्याचं फाटक ओलांडलं की दूधवाला असो की नळवाला, त्यानं मराठी समजून घ्यायची. हा सासऱ्यांनी घालून दिलेला नेम. सासरे संस्थानच्या पागेत होते. "आपण बडोद्यात तलवार घेऊन आलो, तराजू घेऊन नाही," असं म्हणायचे. तलवारीला केव्हाच गंज चढला, नेमाची धार मात्र बाईंनी जाऊ दिली नव्हती.

बंगल्याच्या मागे एक तळं होतं. फार मोठं नव्हे, चार बाजा मावतील एवढंच. बाईंच्या यजमानांनी, सुभानरावांनी, ते स्वतः कुदळ मारून खणलेलं. एका पुरात कुठून तरी एक कासव वाहत आलं आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिलं. सुभानराव त्याला सुभेदार म्हणत. सुभानराव गेले, सुभेदार राहिला. थंडी पडली की तो तळच्या गाळात शिरायचा. ऊन तापलं की मुंडकं वर काढून बाईंकडे असा बघायचा, जणू चहाला उशीर का झाला म्हणून विचारतोय. नवरा गेल्यावर त्या घरात बाईंकडे टक लावून बघणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मुलगा फोनमध्ये, सून बँकेत.

यंदा पावसाळ्यानंतर सोसायटीत डेंग्यू निघाला आणि सगळ्यांची बोटं तळ्याकडे वळली.

"आई, रविवारी कमिटीवाले बघायला येणार आहेत," मुलगा धैर्यशील म्हणाला. "तळं असंच हिरवंगार दिसलं तर मी बुजवून टाकणार. वर फरशा घालतो, गाडी तरी आत लागेल."

"गाडीला जागा हवी, बापाच्या तळ्याला नको! आणि डास तळ्यात नाहीत रे बाबा. तळ्यात मासे आहेत, ते डासांची पोरं खाऊन जगतात. डास आहेत तुझ्या बायकोच्या त्या मनीप्लांटच्या बाटल्यांत. तिथं कमिटी बसव आधी."

"मग साफ करून दाखव."

"दाखवते. त्यात काय मोठं!"

साफ करायची रीत बाईंना पाठ होती. सुभानराव तसंच करत आणि त्यांच्यामागे इतकी वर्षं बाईंनी केलं. निम्मं पाणी काढायचं, निम्मं राहू द्यायचं. काढलेलं पाणी टबात साठवून पुन्हा तेच घालायचं, कारण नळाच्या पाण्यानं मासे गुदमरतात. शेवाळ काढून काठावरच पसरायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. त्यातल्या गोगलगायी, चतुराच्या अळ्या, बेडकांची पोरं, ज्याला त्याला आपल्या पायानं परत जाता आलं पाहिजे. गाळ एका बाजूचाच उपसायचा, दुसऱ्या बाजूचा पुढल्या वर्षी. "सगळ्यांची घरं एकदम पाडायची नसतात," असं सुभानराव म्हणत. पण आता बाईंचे गुडघे गेले होते. पाण्यात उतरणं त्यांच्या नशिबात नव्हतं.

भक्तीनं, बाईंच्या गुजराती सुनेनं, एक माणूस शोधून दिला. जशुभाई. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम करायचा. सकाळी पंप घेऊन आला तेव्हा भक्ती बँकेत जायला निघालीच होती.

"आईसाहेब, त्याला मराठी येत नाही हं, 'नथी आवडती' म्हणाला. काय करायचं ते गुजरातीत नीट समजावून द्या."

"माझ्या फाटकाच्या आत आलेल्याला सगळं समजतं. तू नाही का समजायला लागलीस?"

भक्तीनं स्कूटर चालू केली आणि गेली.

बाईंनी काठावर खुर्ची टाकली, हातात काठी घेतली आणि जशुभाईला मराठीत सगळं सांगितलं. निम्मं पाणी, शेवाळ, टब, गाळ, सगळं. काठीनं दाखवून दाखवून सांगितलं. जशुभाई दर वाक्याला मान डोलवत होता. "हा बा. हा बा." बाईंना माणूस शहाणा वाटला.

पंप सुरू झाला. टब भरले. काठावरल्या दगडांना ओली कडा उमटली आणि ती हळूहळू खाली सरकत गेली. गाळाच्या बाजूला एक बुडबुडा फुटला. सुभेदार होता. बाईंना हायसं वाटलं. पाणी निम्म्यावर आलं तशी त्यांनी काठी उंचावली.

"पुरे! पुरे करा आता!"

पंपाच्या आवाजात जशुभाईनं कानामागे हात धरला. "पूरुं करुं ने, बा?"

"हो हो, पुरे करा म्हणते ना!"

"हा बा!" तो खूश होऊन म्हणाला.

पोरगा दोन तासांत मराठी शिकला की, असं मनाशी म्हणत बाई आत गेल्या. जेवल्या. औषधाची गोळी घेऊन आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती वासानं. दवाखान्याच्या मोरीला येतो तसा वास. बाई भिंत धरधरत मागच्या दारी आल्या.

तळं कोरडं ठक्क पडलं होतं. तळाचे दगड खरवडून खरवडून काढलेले. सुभानरावांनी बसवल्यापासून त्या दगडांचा रंग कुणी पाहिला नव्हता. वर पांढरी पावडर भुरभुरलेली. टब उपडे घालून ठेवलेले. शेवाळाचा मागमूस नाही. कुंपणावर कावळे दाटीवाटीनं बसले होते. एकाच्या चोचीत काहीतरी वळवळत होतं.

"जुओ बा, चोख्खुं चणाक!" जशुभाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. तोंडावर अभिमान मावत नव्हता.

"मेल्या, हे काय केलंस? पुरे म्हटलं होतं ना तुला!"

"हा ने! तमे ज कह्युं, पूरुं करो. तो पूरुं करी नाख्युं."

पूरुं करो. काम तडीस ने. हाच शब्द बाई बाजारात शिंपिणीला सांगत, गिरणीवाल्याला सांगत, आणि तोच शब्द आज आपल्या अंगणात त्यांना ऐकू आला नाही. त्यानं विचारलंसुद्धा होतं. त्यांनी हो म्हटलं होतं, दोनदा.

"गाळ कुठंय?"

तो नुसता बघत राहिला. बाईंनी तळाकडे काठी रोखली.

"कादव? ट्रॅक्टरमां गयो, बा. वासणा बाजू बिल्डिंगनो पायो पुराय छे, त्यां."

"आणि कासव?" त्यांनी दोन्ही हातांनी पाठीचा घुमट करून दाखवला.

"काचबो?" जशुभाईनं खांदे उडवले. "कादवमां हशे तो कादव भेगो गयो."

गाळाबरोबर सुभेदारही कुठल्याशा इमारतीच्या पायात गेला होता. बाई खुर्चीवर बसल्या. जिच्या जिभेला हाड नाही असं अख्खी सोसायटी म्हणे, तिला एक शिवी सुचली नाही. शिवी घालायची कुणाला? सांगितलं त्याप्रमाणे वागलेला तो एकच माणूस त्या घरात आला होता.

संध्याकाळी धैर्यशील आला आणि मागच्या दारातच थबकला.

"वा! आई, मानलं तुला! हे असं असेल तर माझी कशाला ना असेल? राहू दे तळं. नळानं भरून घेऊ, मधे कारंजं बसवू, निळे दिवे लावू. कमिटीवाले बघतच राहतील." मग जरा थांबून म्हणाला, "पण ते कासव बिसव?"

भक्ती मागे उभी होती. तिनं कावळे पाहिले, दगड पाहिले, सासूचं तोंड पाहिलं.

"आईसाहेब, जशुभाईनं... मी सकाळी म्हटलं होतं..."

"तो काय करणार? मीच सांगितलं पुरं करायला," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "सांगितलं तसं केलं त्यानं. चहा टाका."

रविवारी कमिटीवाले आले, वाकून वाकून बघितलं, फोटो काढले. एकजण म्हणाला, सगळ्यांनी बाईंकडून शिकायला पाहिजे. बाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जशुभाई राहिलेला पाइप न्यायला आला. बाई काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या. फाटकाच्या आतच उभ्या राहिल्या. मागच्या बाजूला, बुजवायच्या तळ्याकडे, काठी रोखून त्यांनी एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला, पुन्हा चूक नको म्हणून.

"जशुभाई, आ खाडो पूरी नाखो. माटी लावीने, ठेठ उपर सुधी."

जशुभाईच्या हातातला पाइप गळून पडला.

"अरे बा! तमने गुजराती आवडे छे?"

"आवडत नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "येते."