चार बोटांची दुमड

वेल्डिंगच्या वर्गात सगळे मुलगे आणि एकटी मी. आजवर कुणा मुलीने अर्जच केला नव्हता, त्यामुळे मुलींसाठी कपडे बदलायची खोली बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला जुन्या हेल्मेटांची अडगळीची खोली आणि तिची किल्ली मिळाली. भिंतीपलीकडे मुलगे एकमेकांचे बूट लपवायचे, एकमेकांची टर उडवायचे. इकडे मी झाडू आणि तडकलेल्या काचांच्या संगतीत बटणं लावायची. दिवसाची पहिली चिडचिड तिथेच व्हायची.

त्यांनी माझं नाव ‘मॅडम’ ठेवलं होतं. वाईट वागायचे म्हणावं तर तेही नाही, उगाच खोटं कशाला बोलू? फक्त बोलायचे नाहीत. डबा खायला बसलं की बाकावर माझ्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी. वाईट वागले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

गणवेशही पुरुषांच्याच मापाचा. सगळ्यात लहान पँट मागितली, तर तिच्यात माझ्यासोबत आणखी एक मुलगी सहज मावली असती. असती तर बरंच झालं असतं.

माझे वडील, अप्पा, शिंपी. सुट्टीत पँट घेऊन घरी गेले आणि म्हटलं, “अप्पा, कंबर आत घ्या आणि खालून कमी करा. बाकी कलाकुसर नको.”

आई गेली, मग तयार कपड्यांची दुकानं आली, आणि अप्पांचं मशीन बहुतेक वेळ झाकलेलंच राहू लागलं. त्या दिवशी त्यांनी वरचं फडकं असं काढलं की जणू पाहुणे यायचे होते. आधी कापडातला एक दोरा ओढून काडीने जाळून पाहिला.

“सुतीच आहे. ठिणगी पडली तरी वितळून अंगाला चिकटायचं नाही.”

“नियमात तेच लिहिलंय.”

“मग? मला काय कळत नाही?”

कळत होतं की. फक्त कापड कापून टाकायला अप्पांचा हात धजत नाही. जास्तीचं कापड आत वळवतील, चुणीत घालतील, पण कात्री लावणार नाहीत. पँट तयार झाली तेव्हा पायाशी बाहेरच्या बाजूने चांगली चार बोटं रुंद दुमड होती, चारही अंगांनी टाके घालून पक्की केलेली आणि वर कडक इस्त्री.

वर्कशॉपच्या दारावरचा फलक मला पाठ होता. केस टोपीत, अंगठी नको, उघडा खिसा नको, पायाशी दुमड नको. दुमडीत ठिणगी पडली तर तिथेच धुमसत राहते आणि घालणाऱ्याला पत्ता लागत नाही.

अप्पांची एक पद्धत होती. नवा कपडा घातलेल्या गिऱ्हाइकाला ते दुकानातच बसवायचे, उठवायचे, चार पावलं चालवायचे आणि मग विचारायचे, “कुठे अडतंय?” लोकही भीडभाड न ठेवता सांगायचे. मलाही त्यांनी बसवलं, उठवलं, चालवलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की माझी जीभच उचलली नाही.

“कुठेच नाही,” मी म्हणाले. “झकास झालीय.”

सुरुवातीला आमचं काम नुसतं कानस घासायचं आणि पत्रा मापायचं, त्यामुळे दुमड कुणाच्या नजरेत आली नाही. घरचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं. रात्री वसतिगृहात पँट खुंटीला अडकवली की दुमडीवरचे बारीक टाके दिसायचे आणि खोली जरा कमी परकी वाटायची.

मग प्रत्यक्ष वेल्डिंग सुरू झालं. हेल्मेट खाली, डोळे काचेआड, मी जोड भरत होते. घोट्याशी काहीतरी चावल्यासारखं झालं, पण हात थांबवला असता तर जोड बिघडला असता. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, पाय!” आणि पाण्याची अख्खी बादली माझ्या पायावर आली. आधी धूर, मग मोठा हशा.

सर हसले नाहीत. त्यांनी दुमडीला जळून पडलेलं भोक बघितलं, माझा भाजलेला घोटा बघितला.

“फलक कुणासाठी लावलाय?”

मी भिजलेला पाय मागे घेतला.

“सोमवारी परीक्षा आहे. ही दुमड घेऊन आलीस तर दारातूनच परत. मग पुढच्या वर्षी ये.”

पुढच्या वर्षीची फी कुठून येणार होती? ही परीक्षा हुकली की घरी जाऊन बसायचं, एवढंच उरत होतं. संध्याकाळी फोनवर हे सांगायचं ठरवलं, तर अप्पांचा पहिलाच प्रश्न, “पँट काय म्हणते?”

“छान आहे. सगळे विचारतात, कुठून शिवली.”

अप्पा म्हणाले, “मग सोमवारच्या परीक्षेला दुसरी शिवायला घेतो.” मला स्वतःचाच इतका राग आला की मी फोन ठेवून दिला.

रविवारी दुपारी खानावळीतल्या मावशींची कात्री आणली. अप्पांचे टाके उसवायला गेले तर एकही सैल निघेना, शेवटी दुमड सरळ कापूनच टाकली. कडा पांढऱ्या दोऱ्याने कशातरी शिवल्या. शिंप्याची मुलगी असून माझे टाके म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखे. रडू आलं, आणि डोळे पुसायलाही कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी फाटकाशी अप्पा उभे. पहिल्या गाडीने आले होते. बगलेत कागदात गुंडाळलेली नवी पँट.

“म्हटलं, परीक्षेला नवी घाल,” ते म्हणाले आणि त्यांची नजर खाली गेली. “हे कुणी केलं?”

“मी.”

“का?”

मी पाय पुढे करून घोटा दाखवला. ठिणगीचं सगळं सांगितलं. अप्पा फाटकाजवळच्या कठड्यावर बसले आणि वाकून जखम बघितली.

“तुला आधी माहीत होतं?”

“हो.”

“गिऱ्हाईक असतीस तर तोंडावर सांगितलं असतंस,” अप्पा म्हणाले.

रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी पिशवीतून कात्री काढली, तशाच दुमडीची नवी पँट मांडीवर पसरली, दुमड उसवली आणि दोन्ही पायांचं चार चार बोटं कापड कापून टाकलं. अप्पांना असं कापड कापताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग कड आत वळवून हातानेच शिवायला घेतली. सुई ओवताना दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी ओवून दिला.

अडगळीच्या खोलीत जाऊन पँट बदलून आले.

“बस,” अप्पा म्हणाले. “ऊठ. चार पावलं चाल.”

वर्गातली मुलं फाटकातून आत येत होती आणि बघत होती. बघेनात का.

“कुठे अडतंय?”

“पँटमध्ये कुठेच नाही.”

“मग कशात?”

“इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, अप्पा.” वाटलं होतं, हे तोंडातून निघालं की रडेन. रडले नाही, फक्त आवाज बारीक झाला. “डबा एकटी खाते. ‘मॅडम, जरा सरका’ याच्यापलीकडे दिवसभर शब्द नाही. तुम्हाला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगते.”

अप्पांनी कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या, नीट घडी घातली आणि खिशात ठेवल्या.

“मीही तसंच सांगतो,” ते म्हणाले. “घरात मशीन चालू असतं तेवढाच आवाज. तुझी पँट शिवत होतो, तेवढे दिवस बरे गेले.”

घंटा झाली.

“जा,” अप्पा म्हणाले. “संध्याकाळी फोन कर. पण छान नको सांगू.”

वर्कशॉपच्या दारात सरांनी वाकून पायाच्या कडेवरून बोट फिरवलं. “जा आत,” म्हणाले. जोड सरळ आला, कुठे भोक नाही की फुगा नाही. दुपारी डबा उघडला तेव्हा बाकावर दोन्ही बाजूंची जागा मोकळीच होती. संध्याकाळी फोनवर मी अप्पांना आधी ते सांगितलं, आणि पास झाल्याचं नंतर.