ब्लॅकवुडच्या भिंती आणि दुधी रंग

ग्लेनिसच्या वडिलांची, मर्विनची, नजर बरोबर मधोमध गेली होती. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; त्या थंडीत त्यांनी काळ्या शेगडीच्या तापलेल्या चकतीवर चुकून तळहात टेकवला, आणि एकट्या वृद्धांच्या घरी तपासणीला येणाऱ्या सरकारी बाईंनी स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारी परत येते. या अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्यांना एकट्याने वावरता आलं नाही, तर होबार्ट शहरातल्या वृद्धाश्रमात जागा बघावी लागेल."

अंधार होता तो ब्लॅकवुड नावाच्या गडद लाकडाच्या फळ्यांचा. जमिनीपासून छतापर्यंत चारही भिंती त्याच. पन्नास वर्षांपूर्वी मर्विननी गीव्हस्टनच्या लाकूडगिरणीत ते लाकूड स्वतः कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि एकेक फळी ठोकली होती. रंगाचं नाव काढलं की म्हणत, "मी मेल्यावर लाव."

म्हणून ग्लेनिसनं सोमवारी त्यांना तीन दिवसांसाठी काकांकडे धाडलं. नवीन कपाटं करायची तिची ऐपत नव्हती. छटा चुकली म्हणून परत आलेला दुधी रंगाचा डबा दुकानात निम्म्या किमतीत मिळाला. ओट्यावर चिकटवायला तिनं पांढरा कागद आणला. फळ्या साबणाच्या पाण्यानं पुसल्या, घासल्या, अस्तर मारलं. पहिला ब्रश फिरवताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

बुधवारी दुपारी ती शिडीवर असताना फाटकाशी गाडी थांबली. काकांशी भांडून मर्विन एक दिवस आधीच परतले होते. दारातच त्यांना वास आला. सरळ भिंतीशी जाऊन त्यांनी हात टेकवला. पंजाभर ओला रंग लागला.

"काय केलंस हे, ग्लेन?"

"रंग देतेय, डॅड."

"खरवडून काढ."

"नाही काढणार."

"घर माझं आहे."

"तुमचंच राहावं म्हणून देतेय. शुक्रवारी तुम्हाला इथून नेलं, तर फळ्यांवरून हात फिरवायला कोण असणार आहे?"

मर्विननी हात पुसायला फडकं मागितलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. ती रंगाचा दुसरा हात देत राहिली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी बाई वही उघडून बसल्या. "मर्विन, मला चहा कराल?"

दुधी भिंतीपुढे काळी किटली ठळक दिसत होती. मर्विनचा हात थेट मुठीवर गेला. पाणी उकळल्यावर त्यातच चहापत्ती टाकली. त्यांनी किटली उचलून कपाच्या दिशेनं वाकवली आणि वाफाळता चहा कपाशेजारी सांडून ओट्याच्या कडेनं ओघळला. ग्लेनिस अर्धवट उठली. बाईंनी हातानंच तिला थोपवलं.

मर्विननी किटली खाली ठेवली. "पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप," ते म्हणाले. "रंगारी हुशार दिसतोय."

त्यांनी ओटा पुसला, चाचपडत खालचं कपाट उघडलं आणि तपकिरी मग काढला. या वेळी थेंबही बाहेर पडला नाही.

बाईंनी चहा संपवला. "तीन महिन्यांनी पुन्हा येईन. तोवर इथंच राहा," म्हणाल्या आणि सही करून गेल्या.

ग्लेनिस बाईंचा मग विसळू लागली.

"लाकूड चांगलं होतं," मर्विन म्हणाले.

"होतंच, डॅड."

"माझा राग गेलेला नाही."

"असू दे."

मग दुसरा तपकिरी मग काढून त्यांनी तिच्यासाठीही चहा ओतला.