खुर्चीमावशीच्या वह्या

चौदा खोकी भाच्याने एकाच खेपेत आणली. तो मोटार चालवायला शिकवायचा. त्यामुळे मावशीचा जन्मभराचा पसारा ग्रंथालयाच्या दारात आला तो टपावर शिकाऊ चालकाची पाटी असलेल्या गाडीतून, आणि ती गाडी चालवत होती त्याची एक घामाघूम झालेली विद्यार्थिनी.

"मॅडम, पटापट उतरवून घ्या, यांचा तास चालू आहे," भाचा म्हणाला. "आणि त्या निळ्या खोक्याला जपून हात लावा, आत काचा आहेत. म्हणजे निघताना गाण्यांच्या तबकड्या होत्या. मघाशी चौकात यांनी ब्रेक लावला."

कागदबाईंना हसावं की रडावं कळेना. ग्रंथालयात सगळे त्यांना कागदबाईच म्हणत, कारण जुन्या कागदपत्रांचा विभाग त्या एकट्या सांभाळत. विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली, दोन टेबलं, लोखंडी मांडण्या आणि भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारा काटा. सकाळी आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी त्या काट्याकडे बघायच्या. बावीस वर्षं हे चाललं होतं.

खोकी होती खुर्चीमावशीची. एका विमा कंपनीत स्टेनो म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. गादीवाल्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी जॅझ वाजायचं, आणि अडतीस वर्षं दर मंगळवारी खुर्च्या मांडायला आणि उचलायला ही हजर. म्हणून खुर्चीमावशी. स्वतःला कुठलंच वाद्य येत नव्हतं. शीळसुद्धा धड वाजत नसे. पण पत्रकं छापून घ्यायची ती, बाहेरगावच्या वादकांना आपल्या बाहेरच्या खोलीत झोपवायची ती, त्यांच्या कोटाची उसवलेली कोपरं शिवायची ती. पुढे गादीवाल्याने जागा विकली, क्लब बंद पडला. आणि या वर्षाच्या सुरुवातीला मावशीला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. भाच्याने तिला शुश्रूषागृहात ठेवलं. महिनाअखेर तिच्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या.

"आमच्या घरात जागा नाही हो," तो म्हणाला. "पण टाकून द्यायचं जिवावर आलं. लहानपणी मी एकदा तिच्या पत्रकाचं विमान केलं होतं, तर दोन महिने बोलली नाही माझ्याशी."

पहिले तीन आठवडे बाईंचे मजेत गेले. त्यांनी गंजलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, कसर लागलेली पत्रकं मऊ ब्रशने झाडली, वादकांची पत्रं तारखेवार लावली. एका काडेपेटीत सॅक्सोफोनची चिरलेली रीड, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी निघाली, वर तारीख. एक मोडकी ड्रमची काठी निघाली, तिच्यावरही तारीख. आणि एक टेबलक्लॉथ. घरी जेवून गेलेल्या प्रत्येक वादकाने त्यावर पेन्सिलीने सही केली होती आणि मावशीने ती नंतर रंगीत दोऱ्याने भरली होती. बाईंनी तो आम्लरहित कागदात गुंडाळला खरा, पण त्याआधी शिपायापासून प्रमुख ग्रंथपालांपर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवला.

मग अकराव्या खोक्यातून वह्या निघाल्या. अरुंद, लांब, ऑफिसात स्टेनो वापरतात तशा. एकूण एक्केचाळीस. प्रत्येक पानावर वर मंगळवारची तारीख, आणि खाली पानभर शॉर्टहँड.

कागदबाईंचा जीव सुपाएवढा झाला. पत्रकावर फक्त कोण वाजवणार ते असतं. प्रत्यक्षात कोण आलं, कोण भांडलं, कोण कसं वाजवून गेलं, ते सगळं अडतीस वर्षांचं इथे होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका निवृत्त स्टेनोला बोलावलं. आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे, हयात कोर्टात गेलेली. खिशातून भिंग काढून त्यांनी वही डोळ्याजवळ धरली आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले.

"बाई, हे शॉर्टहँड आहे खरं," शेवटी ते म्हणाले, "पण बाईसाहेबांनी ते स्वतःच्या मापाने बेतून घेतलंय. पहिल्या दोन वह्या थोड्याफार नियमात आहेत. पुढे वळणांच्या टोकाचे आकडे गाळलेत, टिंबं वाढवलीत, कुठे नुसता फराटा. होतं असं. माझी टिपणंसुद्धा माझ्याशिवाय कुणाला लागायची नाहीत."

"थोडं तरी?"

त्यांनी तिसऱ्या वहीचं पहिलं पान घेतलं. "सात माणसं. पाऊस. पियानो... पियानोचं काहीतरी झालंय. हे कुणाचं तरी नाव. मग 'डोळे मिटून'. आणि पुढच्या दहा ओळी मला नाही लागत." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तिलाच विचारा की. आहे ना ती?"

शुश्रूषागृहात मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. केस दुसऱ्या कुणीतरी विंचरले होते. खोक्यांतल्या फोटोंमध्ये मावशीचा भांग डावीकडे, हा उजवीकडे. भाचा वाकून मोठ्याने म्हणाला, "मावशी, या ग्रंथालयाच्या मॅडम. तुझं सगळं यांच्याकडे आहे. एकदम व्यवस्थित."

मावशी बाईंकडे बघून म्हणाली, "बघ ना."

"एवढंच राहिलंय तिच्याकडे," सिस्टर म्हणाली. "भूक लागली तरी बघ ना, राग आला तरी बघ ना. समजतं बरंचसं, असं मला वाटतं. पण मान हलवण्यावर जाऊ नका. कधी हो म्हणायचं असलं की नाही म्हणते, कधी नाही म्हणायचं असलं की हो. काही नेम नाही."

बाईंनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. मावशीने एक कागद हातात घेतला, उलटा करून कोरी बाजू बघितली आणि सगळा गठ्ठा डाव्या हाताने मांडीवरून ढकलून दिला.

संग्रहात नोंद झालेली वस्तू इमारतीबाहेर न्यायची नाही, हा नियम बाईंनी स्वतः लिहिला होता आणि त्यांच्याच टेबलामागे तो चिकटवलेला होता. पुढच्या गुरुवारी त्यांनी सतराव्या क्रमांकाची वही फोल्डरमध्ये घातली, फोल्डर पिशवीत घातला, आणि चोरासारख्या मागच्या दाराने बाहेर पडल्या.

वही दिसताच मावशीने हात पुढे केला. पान उघडलं. बाईंनी मुद्दामच वही उलटी दिली होती. मावशीने ती सरळ करून घेतली. मग तिचे डोळे ओळीवरून सरकायला लागले. एक ओळ, दुसरी, तिसरी. पान उलटलं. आणि ती एकदम हसली. नुसतं ओठांनी नाही, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिने एका ओळीवर बोट ठेवलं, वही बाईंच्या पुढे धरली, आणि आता तूही हसशील अशा खात्रीने त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बघ ना!"

बाईंनी बघितलं. दोन वळणं, एक आकडा, एक टिंब.

त्या हसल्या. दुसरं काय करणार? पण मावशीला खोटं हसू लगेच कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा बोट ठेवलं, जरा हळू, लहान मुलाला समजवावं तसं. "बघ... ना."

"मला वाचता येत नाही हो मावशी," बाई म्हणाल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच हे वाक्य आपण उच्चारतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

मग त्या हट्टाला पेटल्या. दर शनिवारी स्टेनो आजोबांकडे जाऊन शॉर्टहँड शिकायला लागल्या. पन्नाशीत पाटी-पेन्सिल. आजोबा कडक होते, वळण चुकलं की पेन्सिलीने टेबल बडवायचे. आणि दर गुरुवारी वही घेऊन मावशीकडे. बाई एका खुणेवर बोट ठेवायच्या आणि अंदाज सांगायच्या. "पाऊस?" मावशी मान डोलवायची. "बूट?" मावशी मान डोलवायची. "आगगाडी?" त्यालाही. कधी बरोबर शब्द आला की काय कोण जाणे, मावशी जोरजोरात मान नकारार्थी हलवायची आणि डोळे मात्र चमकायचे. बाई ते सगळं टिपून घ्यायच्या आणि घरी येऊन बघितलं की टिपणाचा काही उपयोग नसायचा.

तरी थोडं हाती लागलं. एका गोल खुणेशी आल्यावर मावशीने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ताल धरला, म्हणजे तो ड्रमवाला. दुसऱ्या एका खुणेला तिने खोलीतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिसरीला नाक दाबलं. हॉलच्या मागे गटार होतं असं भाच्याने सांगितलं, तेव्हा तिचाही उलगडा झाला. दोन महिन्यांत नऊ खुणा पक्क्या झाल्या. एक्केचाळीस वह्या, आणि नऊ खुणा.

एका गुरुवारी मावशी सव्विसाव्या वहीतल्या एका ओळीशी अडली. ती ओळ तिने तीनदा वाचली. मग बोटाने त्यावर ठकठक करायला लागली. "बघ ना. बघ ना. बघ ना."

"कुणी नवीन वादक आला?" मान हलली. "भांडण झालं?" हलली. "कुणी वारलं? कुणी सोडून गेलं? लग्न? तुमचं काही... तुम्हाला कुणी काही बोललं?" मान हलतच होती, वर-खाली, डावी-उजवी, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बाईंनी त्यांना सुचेल ते सगळं विचारलं. मग सुचेनासं झालं.

मावशीने वही फेकली. ती पलंगाच्या लोखंडी पायावर आपटली, शिवण तुटली आणि दोन पानं सुटून जमिनीवर आली. सिस्टर धावत आली. "आज पुरे," ती म्हणाली, आणि बाई पानं गोळा करून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर ती ओळ होती. त्यात त्यांना येणारी एकही खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं दुरुस्त केली. पातळ कागदाच्या पट्ट्या, खळ, वजन, पूर्ण दिवसाचं वाळवण. काम असं साधलं की शिवण कुठे तुटली होती हे त्यांनाही शोधावं लागलं. एवढं त्यांना येत होतं.

त्यानंतरच्या सोमवारी मावशीला दुसरा झटका आला. बाई गुरुवारी गेल्या, वही तिच्या हातात दिली. तिने ती धरली. पण डोळे पानावर एका जागी थांबून राहिले. बाईंनी वही हळूच उलटी केली. मावशीने ती सरळ केली नाही. तीन आठवड्यांनी ती गेली.

वर्षअखेरीला प्रमुख ग्रंथपालांनी नोंदींचे तक्ते मागवले. खुर्चीमावशीच्या संग्रहाचा तक्ता बघून ते म्हणाले, "उत्तम काम झालंय. फक्त वह्यांपुढे 'मजकुराचा सारांश' हा रकाना राहिलाय."

"राहिलेला नाही साहेब. लिहिलंय ना, 'शॉर्टहँड, लिपी व्यक्तिगत, वाचता येत नाही.'"

"अहो, पण मग एवढी जागा अडवून ठेवायची कशाला?"

"त्यात सगळं आहे म्हणून," बाई म्हणाल्या. साहेबांनी सही केली.

भाचा आला तो त्यानंतर महिन्याभराने, एका दुपारी, एकटाच. नेहमीची थट्टा नाही. वाचनकक्षात बसून त्याने इतर वाचकांसारखी चिठ्ठी भरली आणि एका ठरावीक वर्षाची वही मागितली.

"माझी आई त्या वर्षी गेली," तो म्हणाला. "मी आठ वर्षांचा होतो. दोघी बहिणी शेवटी शेवटी बोलत नव्हत्या. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मावशीला मी कधी विचारलं नाही. म्हटलं, विचारू कधीतरी." त्याने तारीख सांगितली. बाईंनी पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. आई गेली त्याच आठवड्यातला मंगळवार. म्हणजे त्या दिवशीही मावशी खुर्च्या मांडायला गेली होती.

"काय लिहिलंय?"

बाईंनी वाकून बघितलं. "अकरा माणसं," त्या म्हणाल्या. "ही खूण ड्रमवाल्याची. ही खुर्चीची. ही पुन्हा खुर्चीची."

"आणि हे?" खाली सहा ओळी होत्या, दाट, बाकी पानापेक्षा बारीक अक्षरात.

"हे मला येत नाही."

"यात आई असेल?"

"असेल. नसेलही. खरंच नाही सांगता येत मला."

त्याने मान हलवली. वही मिटली मात्र नाही. त्या सहा ओळींवरून तो बोट फिरवत राहिला, कागदाला न टेकवता, बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं तसं. बंद व्हायची वेळ झाली, शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला. बाईंनी शिपायाला हातानेच थांबायची खूण केली आणि भाच्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या.