दुसरं पान

मावशींनी 'प्रेमळ' हा शब्द खोडला, मग 'समजूतदार' खोडला, आणि 'निर्व्यसनी'वर पेन टेकवून त्या थांबल्या.

"हाही खोडायचा?"

"हाही," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या पानावर तो कसा आहे ते तुम्ही सांगितलंत ना? झालं तर मग. दुसऱ्या पानावर सांगायचं नाही, दाखवायचं. तो काय करतो, काय बोलतो, तो खोलीत आला की बाकीची माणसं काय करतात, एवढंच. कसा आहे ते वाचणारा ठरवेल."

मावशींनी निर्व्यसनीही खोडला. पानावर मग काही उरलंच नाही. त्यांनी ते पान फाडून नवं पान घेतलं.

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी कथालेखनाचा हा वर्ग भरायचा. वर्ग कसला, एका लांब टेबलाभोवती सहा डोकी. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. मावशींचा जन्म शिवणयंत्रापुढे गेला होता. सुई ओवताना दोरा भलतीकडेच जायला लागला तेव्हा दुकानाचं काम सुटलं. घरी किरकोळ शिलाई चालायची, पण रिकामे हात माणसाला खायला उठतात, म्हणून त्या इथे येऊ लागल्या. वयानं थोरल्या, म्हणून सगळ्यांच्या मावशी. मागच्या शनिवारी मॅडमनी सांगितलं होतं, की एखादा माणूस कंजूष आहे असं लेखक सरळ सांगू शकतो, नाहीतर पाहुणा उठायच्या आत पंख्याच्या बटणावर गेलेला त्याचा हात दाखवू शकतो. ते मावशींना फार आवडलं होतं. घरी जाताना रस्त्यात त्या एकट्याच हसल्या होत्या.

आज जवळच्या माणसावर दोन पानं लिहायची होती. मावशींना फार विचार करावा लागला नाही. जावयाइतकं कौतुकाचं माणूस त्यांच्याकडे दुसरं कोण होतं?

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पहिलं पान ठसक्यात वाचलं. माझा जावई प्रेमळ आहे. तो समजूतदार, नीटनेटका आणि निर्व्यसनी आहे. तो कधी आवाज चढवत नाही. माझ्या मुलीला तो फुलासारखं जपतो. तिनं नशीब काढलं.

"जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात," पलीकडून बसड्रायव्हर म्हणाले. तेही निवृत्तच, आणि वर्गातले विनोद त्यांच्याकडे. "मावशी, तुमच्या पत्रिकेत तर पौर्णिमेचा चंद्र पडलाय!"

सगळे हसले. मावशीही हसल्या, आणि पान उलटून त्यांनी पुढे वाचलं.

"मी गेले की दार तो उघडतो. माझी पिशवी माझ्या हातातून घेतो. दारातल्या चपला तो सरळ करतो, त्याच्या आणि सगळ्यांच्या. मी फोन केला की आधी तो बोलतो. मग तिला देतो. तेव्हा फोनचा स्पीकर चालू असतो. चहात साखर किती घालू, असं मी लेकीला विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ती साखर घेत नाही. लग्नाआधी ती दोन चमचे घ्यायची. जिन्यात त्याची पावलं वाजली की ती हातातलं काम खाली ठेवते. मग ते पुन्हा उचलते. गेल्या महिन्यात त्यानं तिचे सहा ड्रेस माझ्याकडे आणून दिले. म्हणाला, आई, यांचे खिसे शिवून टाका, बेढब दिसतात. मी शिवले."

मावशींनी मान वर केली. या वेळी कोणी हसलं नाही. बसड्रायव्हरांनी चष्मा काढला होता आणि तो शर्टाच्या टोकानं पुसत होते. काच स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

"चुकलं का काही?" मावशींनी विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "विशेषण एकही नाही."

"मावशी," बसड्रायव्हर म्हणाले, "ते खिसे. बेढब कुणाला दिसत होते?"

मावशींनी पेनाचं टोपण उचललं आणि त्या ते बसवू लागल्या. ते बसेना. त्या पेनाच्या उलट्या टोकाला टोपण दाबत होत्या.

"मुलीला एकटीला कधी भेटला होतात?" मॅडमनी हळूच विचारलं. "म्हणजे फक्त तुम्ही दोघीच."

"दर रविवारी जाते की मी."

"दोघीच?"

वर्ग सुटला, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी खिडक्या लावल्या, तरी मावशी मनातल्या मनात रविवार मोजत होत्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मधल्या वारी येते म्हटलं, तर जावई म्हणायचे, ती दुपारची झोपते, आई, तुमची उगीच खेप होईल. रविवारीच या, मीही असतो. किती हौसेनं म्हणायचे. मावशींच्या नवऱ्याचा आवाज चाळीस वर्षं शेजारच्या तीन घरांत ऐकू जात होता. त्यामुळे जावयाचा खालच्या पट्टीतला आवाज त्यांनी आल्यागेल्याला दागिन्यासारखा दाखवला होता. हिरा आहे, हिरा. किती जणींना सांगितलं असेल! सांगितलं, की मग बघावं लागत नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"बोला आई," जावई म्हणाले.

"ती आहे का?"

"आंघोळीला गेलीय. काही निरोप?"

मावशींना नळाचा, पाण्याचा कसलाच आवाज आला नाही. उलट फोनच्या अगदी जवळ कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"काही नाही. उद्या येते म्हटलं."

"रविवारच आहे की, या ना."

रविवारी त्या नेहमीच्या वेळेला गेल्या. तिसरा मजला चढताना दोनदा थांबल्या. पिशवीत माप घ्यायची टेप होती. नवीन ड्रेसचं माप घ्यायचंय म्हणून लेकीला आतल्या खोलीत न्यायचं, दार लोटायचं आणि विचारायचं, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. वही घरी ठेवून यायला हवी होती. पण काल वर्गातून आल्यापासून ती पिशवीतच राहिली होती, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा जावयांनी पिशवी हातातून घेतलेली होती.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आलीस?" एवढंच म्हणाली. तिच्या अंगात मावशींनी शिवलेला निळा ड्रेस होता. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे तिनं ते पोटापाशी एकमेकांत गुंतवले होते.

"माप घेते म्हटलं जरा," मावशी म्हणाल्या. "चल आत."

"माप माझ्याकडे लिहून ठेवलंय," जावई म्हणाले. "कशाला दमता? बसा. हे काय, वही? आई, लेखिका झालात की काय?"

त्यांनी वही उघडली होती.

"माझा जावई," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि ते मनापासून हसले. "अहो, हे माझ्यावर आहे! ऐकलंस का गं?" त्यांनी पहिलं पान उभ्यानंच वाचून काढलं. प्रेमळ, समजूतदार, नीटनेटका. 'फुलासारखं जपतो' तर दोनदा वाचलं. मग पान उलटलं आणि वही बायकोपुढे धरली. "पुढचं तू वाच. स्वतःचं कौतुक स्वतः किती वाचायचं?"

"राहू दे ना," मावशी म्हणाल्या. "वर्गातला अभ्यास आहे नुसता. अक्षर लागणार नाही तिला."

"आईचं अक्षर लागणार नाही?" ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पायावर पाय टाकला. "वाच."

लेक उभी राहूनच वाचू लागली. शाळेत धडा वाचावा तसा, कोणत्याच शब्दावर जोर न देता. दार तो उघडतो. माझी पिशवी घेतो. जावई मान डोलावत होते. चपलांचं आलं तेव्हा ते म्हणाले, "बघा, आईंच्या लक्षात येतं. घराला शिस्त लागते." फोनचं आलं, साखरेचं आलं. आता कळेल, या ओळीला कळेल, असं मनात म्हणत मावशी जावयांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर समाधानाखेरीज काही नव्हतं. पावलांच्या ओळीला तर ते किंचित हसलेसुद्धा. ऐकताना त्यांना सगळीकडे पहिलंच पान ऐकू येत होतं.

"आई, यांचे खिसे शिवून टाका, बेढब दिसतात," लेक वाचत होती. "मी शिवले."

तिथे संपलं होतं. आता चहा करू, काहीतरी वेगळं बोलू, मग बघू, असं मावशींच्या मनात आलं.

लेकीनं वही खाली केली नाही.

"कामावर जाताना तो बाहेरून कुलूप लावतो," ती वाचत होती. आवाज तोच, सपाट. "म्हणतो, काळजी वाटते. किल्ली एकच आहे."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे वहीवर होते, आणि ओळीमागून ओळ सरकावी तसे डावीकडून उजवीकडे जात होते. खाली कोऱ्या रेघा होत्या. शेवटचा शब्द पानाच्या अर्ध्यावर होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

"मागच्या मंगळवारी खालच्या घरात धूर झाला. धूर इथपर्यंत आला. मी खिडकीतून हाका मारल्या. खालच्या लोकांनी आग विझवली. संध्याकाळी तो आला. त्यानं विचारलं, तुझ्या हाका किती जणांनी ऐकल्या?"

जावयांची मान आता डोलत नव्हती. टाकलेला पाय त्यांनी सावकाश खाली घेतला.

"हे आईंना कोणी सांगितलं?" ते म्हणाले. आवाज खालचाच होता. किंबहुना नेहमीपेक्षाही खालचा. चाळीस वर्षं आरडाओरडा ऐकलेल्या मावशी त्या आवाजानं खुर्चीत मागे सरकल्या.

"बुधवारी त्यानं खिडक्यांना खिळे ठोकले," लेक वाचत राहिली. "तो स्टुलावर उभा होता. खिळे मी हातात धरून उभी होते. तो मागेल तसा एकेक देत होते. एकवीस दिले."

"दे ती वही."

ते उठले नव्हते. फक्त हात पुढे केला होता, तळवा वर, एखादी वस्तू नेहमीच तिथे येऊन पडते अशा खात्रीनं. लेकीची बोटं वहीच्या कडांवर पांढरी झाली होती. तिनं पहिल्यांदा मान वर केली. पाहिलं ते मात्र नवऱ्याकडे नाही, आईकडे.

त्या नजरेला काय म्हणावं, हे मावशींना आयुष्यभर कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. त्या उठल्या. गुडघा कटकन वाजला. त्या बाहेरच्या दारापाशी गेल्या, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"आई, दार कशाला?"

"उकडतंय," मावशी म्हणाल्या.

परत येताना त्यांनी आपली खुर्ची उचलली. जड होती, पण उचलली, आणि त्या दोघांच्या मधोमध ठेवून जावयाकडे तोंड करून तिच्यावर बसल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"आई, सरका जरा," जावई म्हणाले. आता ते उभे राहिले होते.

मावशी सरकल्या नाहीत.

"वाच, बाळा," त्या मागे न वळता म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. मला हल्ली कमी ऐकू येतं."

मागे पान उलटल्याचा आवाज झाला. पुढचं पान दोन्ही बाजूंनी कोरं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"शुक्रवारी," लेकीनं वाचलं. तिचा आवाज आता सपाट राहिला नव्हता. शब्दागणिक चढत तो उघड्या दारातून बाहेर जात होता. "शुक्रवारी त्यानं स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मोजल्या. मग मला म्हणाला..."

जिन्यावरून कोणीतरी उतरत होतं. पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.