चीक नसलेली पट्टी

तानीबाईला त्या पट्टीचा संशय पहिल्या नजरेतच आला. आणि तानीबाईचा संशय म्हणजे काही रिकामटेकड्या बाईचा संशय नव्हे. निपाणीच्या वखारीत चाळीस वर्षं तंबाखू निवडलेली बाई ती. पाला चिमटीत चुरायचा, बोटाला चीक लागतो का बघायचं, नाकाशी धरायचं आणि सांगून टाकायचं, हा माल कसाचा आणि हा नुसता पाचोळा. वखारीचा मालकसुद्धा मूठ पुढं करून विचारायचा, "तानीबाई, बघ गं जरा." जाड आणि चिकट ते कसाचं, पातळ आणि कोरडं ते फसवं, ही अक्कल तिच्या बोटांत मुरली होती आणि आजवर ती चुकली नव्हती.

तर त्या बुधवारी सकाळी तिची सून उपासना सासऱ्याच्या खाटेपाशी बसली, पाकीट फाडलं, आणि आतून जे काढलं ते पातळ होतं, कोरडं होतं आणि वर आरपार दिसत होतं.

"हे काय गं?" तानीबाई म्हणाली.

"मामांची पट्टी, आत्या. दुखण्याची."

"ही? ही तर पोरांच्या वहीला चिकटवत्यात तसली हाय. आदुगरची कुठाय?"

आधीची पट्टी खरोखरच वेगळी होती. जाडजूड, मधे फुगीर, दाबलं की आतलं औषध हलायचं. पाकिटावर कंपनीचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत. चार महिने अंथरुणाला खिळलेल्या तिच्या नवऱ्याला, आण्णाप्पाला, झोप लागत होती ती त्या पट्टीच्या जिवावर. मणक्यात गॅप पडलाय, असं मुलानं आणि सुनेनं तानीबाईला सांगितलं होतं. गॅप भरून येईल, मग आपला माणूस काठी टेकत का होईना दारापर्यंत जाईल, ह्या आशेवर ती दिवस काढत होती.

"औषध तेच हाय, आत्या," उपासना म्हणाली. ती बोरगावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची, त्यामुळे घरातही तिचं सांगणं फळ्यावर लिहिल्यासारखं असायचं. "कंपनी फक्त दुसरी. डॉक्टरांनी ह्या वेळी कंपनीचं नाव न लिहिता औषधाचंच नाव लिहिलंय. ह्याला जेनेरिक म्हणतात."

"स्वस्त हाय?"

"व्हय, स्वस्त पण हाय."

झालं! आता तुम्हीच सांगा, आजारी माणसाला चांगलं चाललेलं औषध कुणी बदलतं का? आणि बदललं तर महागाचं आणावं की स्वस्ताचं? उपासनेनं जुनी पट्टी काढून नवी खांद्याखाली लावली तेव्हा तानीबाई तिथंच उभी राहून एकटक बघत होती. नवी पट्टी लावल्यावर लावली आहे हेसुद्धा कळेना, इतकी पातळ.

संध्याकाळी तर आगीत तेलच पडलं. उपासना परड्यात उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडं बेळगावहून तानीबाईचा मुलगा दीपंकर असणार. तो तिकडं सरकारी इंजिनिअर, शनिवारी-रविवारी घरी यायचा. तानीबाई भांडी पालथी घालत होती आणि कान तिकडंच होते.

"न्हाय न्हाय," उपासना हळू आवाजात म्हणत होती, "आत्यांना यातलं काय बी कळता कामा नये."

तानीबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे लपवाछपवी आहे तर! सुनेचं एक वेळ समजलं, ती परक्या घरची. पण पोटचा पोर? ज्या बापानं वखारीत पोती वाहून वाहून पाठीचा पार चुराडा करून घेतला, पोराला इंजिनिअर केलं, त्या बापाला असली पारदर्शक चिंधी? भांडं हातातून निसटलं आणि ठणाणत अंगणात गेलं.

"काय पडलं, आत्या?" उपासना फोन कानाशी धरूनच म्हणाली.

"माझं नशीब," तानीबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी आण्णाप्पा कण्हायला लागला. कूस बदलताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि कपाळावर घाम आला.

"लई दुखायलंय?" तानीबाईनं विचारलं.

"दुखायलंय गं. हाडात दुखायलंय."

पुरावा मिळाला! तानीबाईला नवऱ्याच्या दुखण्यानं रडू येत होतं आणि आपलं खरं ठरलं म्हणून आतून जोरही येत होता, दोन्ही एकदमच. तिनं उपासनेला सांगितलं. उपासना साडी नेसता नेसता आली, सासऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"आज डॉक्टरांना फोन करते, आत्या. शाळेतनं आल्यावर बघूया."

"पट्टी खोटी हाय, दुसरं काय न्हाय," तानीबाई म्हणाली.

"पट्टी खोटी न्हाय ओ," उपासना म्हणाली, आणि पुढं काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं तानीबाईनं नेमकं टिपलं.

सून बोरगावच्या बसला गेली, तशी तानीबाईनं आपली लोखंडी पेटी उघडली. चांगल्या चिजेतली एक हातची राखून ठेवायची, ही तिची वखारीपासूनची खोड. जुन्या पट्ट्यांचा डबा संपत आला होता तेव्हा तिनं एक पाकीट गुपचूप उचलून लुगड्याच्या घडीत ठेवलं होतं. तिनं ते फाडलं. पट्टी अंगठ्यानं दाबून बघितली. हे खरं औषध! फुगीर, भरलेलं, कडेला चिकट.

तिनं आण्णाप्पाला कुशीवर वळवलं आणि ती पट्टी पाठीत, कंबरेच्या जरा वर लावली. नवी काढली नाही. काढली तर सुनेला कळलं असतं, आणि नाहीतरी ती असून नसल्यासारखी, असं तिला वाटलं. वर गंजीफ्रॉक ओढून घेतला.

पण तेवढ्यावर थांबेल ती तानीबाई कसली. वाळलेल्या पाल्यातला चीक ऊब-ओल मिळाली की कसा सुटतो हे तिला ठाऊक होतं. तिनं मीठ तव्यावर गरम केलं, फडक्यात बांधलं आणि पट्टीवरून शेक दिला. दुपारी एकदा, चारच्या सुमाराला एकदा.

संध्याकाळपर्यंत आण्णाप्पा निवांत झाला. कण्हणं बंद. उपासना आली तेव्हा तो डोळे मिटून पडला होता.

"शांत वाटतायत की मामा," ती हायसं वाटून म्हणाली. "बघा, नवी पट्टी अंगाला लागायला वेळ लागतो. डॉक्टर पण तेच म्हणाले."

तानीबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. तिला हसू आवरेना. म्हण बाई, म्हण तुझ्या पट्टीचं कौतुक!

शुक्रवारी उपासना शाळेला गेल्यावर तिनं पुन्हा शेक दिला, चांगला कडकडीत. अकराला आण्णाप्पानं दोन घोट चहा घेतला, डोळे न उघडता. बाराला ती आंबील घेऊन आली.

"अवं, उठा. दोन घास खावा."

उत्तर नाही. तिनं खांदा हलवला. मान एकीकडं कलली. श्वास घेतला, सोडला, आणि मग पुढचा येईचना. तानीबाई वाटी हातात धरून वाट बघत राहिली. मग आला, घरघरत. ओठ काळेनिळे पडले होते.

वखारीत नव्यानं आलेल्या पोरींना तंबाखू चढायची ती काय खाऊन नव्हे. नुसत्या हातांच्या कातडीतून, घामातून. दुपारपर्यंत पोरगी पांढरीफटक होऊन पोत्यावर आडवी. कातडीतून काय काय आत जातं हे सगळ्या निपाणीत जिला पहिलं कळायला हवं होतं, तीच शेक देत बसली होती.

तिनं उपासनेला फोन लावला. घाईत दोनदा दुसऱ्यालाच लागला.

"मामांच्या अंगावर पट्टी एकच हाय न्हवं, आत्या?" उपासनेनं पहिलं हेच विचारलं.

"एकच हाय," तानीबाईच्या तोंडून गेलं. का गेलं ते तिला कधीच कळलं नाही.

शेजारच्या विक्रमनं गाडी काढली. तानीबाईनं मागच्या सीटवर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सारा रस्ता ती त्याच्या नाकाशी बोट धरून होती.

दवाखान्यात डॉक्टर सौम्या नावाची कानडी बाई होती, वयानं दीपंकरएवढी. तिनं आण्णाप्पाच्या पापण्या वर करून बॅटरी मारली, अंगावरचे कपडे कापले, त्याला वळवलं, आणि तिथल्या तिथं दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. नर्सनं तानीबाईला बाहेर बाकावर आणून बसवलं. पंधरा मिनिटांनी आतून आण्णाप्पाचं खोकणं ऐकू आलं. त्या खोकण्याइतकं गोड तानीबाईनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

उपासना धापा टाकत आली. दीड तासात दीपंकर बेळगावहून आला. डॉक्टर सौम्या बाहेर येऊन म्हणाली, "आता धोका कमी आहे. पण आजची रात्र इथंच ठेवूया, इंजेक्शनचा अंमल उतरला की परत गुंगी येऊ शकते. मला एक सांगा, पट्टी कोण बदलतं?"

"मी," उपासना म्हणाली.

"अंगावर दोन होत्या. एक नवी, एक जुन्या कंपनीची."

दीपंकरनं बायकोकडं बघितलं. "जुनी काढायची राहिली तुझी?"

"काढली की. बुधवारी काढली मी." उपासना म्हणाली, आणि मग अडखळली. "काढली बहुतेक. शाळेची गडबड होती, पण... काढली असंल की."

"असंल म्हणजे? बाप मरत होता माझा, उपासना!"

उपासना भिंतीला टेकली. स्वतःच्याच हातांकडं बघायला लागली, जणू त्यांनीच काहीतरी लपवलंय. तानीबाई बाकावर बसून हे सगळं बघत होती. गप्प बसणं सोपं होतं. पोरगी स्वतःच कबूल व्हायच्या बेताला आली होती. आणखी दोन मिनिटं, की सगळं तिच्या गळ्यात पडलं असतं आणि आयुष्यभर तिथंच राहिलं असतं. कालपरवा ह्याच पोरीचं तोंड बघायची तानीबाईला चीड येत होती. पण आता तिचे ते हात बघवेनात.

"तिला बोलू नगंस," तानीबाई म्हणाली. "जुनी तिनं काढलीती. दुसरी मी लावली. पाठीत. वर शेक दिला."

डॉक्टर सौम्या तिच्याजवळ बाकावर बसली.

"का लावली, अज्जी?"

"नव्या पट्टीत कस नव्हता. ह्यांचं दुखणं वाढलं. ह्यांनी स्वस्तातली खोटी आणली, आन् माझ्यापासनं लपवायलेत. मी ऐकलंय माझ्या कानानं."

"पट्टी खोटी नाही, अज्जी. दोन्हीत औषध सारखंच, तेवढंच. जुन्यात ते पाण्यासारखं भरलेलं होतं, नव्यात चिकट थरातच मिसळलेलं आहे, म्हणून पातळ. दुखणं वाढलं ते पट्टीमुळं नाही. आजार हाडात पसरलाय म्हणून. असली अफूच्या जातीची पट्टी आम्ही साध्या कंबरदुखीला देत नाही."

तानीबाईनं मुलाकडं बघितलं. दीपंकरनं मान खाली घातली. मग सुनेकडं बघितलं, तर उपासना पदरात तोंड घालून रडत होती. लपवाछपवी होती, हे तानीबाईचं खरंच होतं. फक्त ती पट्टीत शोधत बसली होती.

त्या दिवशी कुणाला काही विचारायची तिची छातीच झाली नाही.

आण्णाप्पाला घरी आणलं. दोन दिवसांनी पट्टी बदलायचा दिवस आला. उपासनेनं हात धुतले, पाकीट आणलं, आणि खाटेपाशी घुटमळत उभी राहिली.

"उभी का ऱ्हायलीस?" तानीबाई म्हणाली. "आदी पाठ बघ त्यांची."

"नको ओ आत्या. माझा काय तुमच्यावर संशय..."

"असायला पायजे. बघ म्हणते न्हवं!" तानीबाईनं स्वतः नवऱ्याला कुशीवर वळवलं, गंजीफ्रॉक मानेपर्यंत वर केला. "खाली पण बघ. काखेत बघ. दर वेळी बघायचं. मी न्हाय म्हणले तरी बघायचं."

उपासनेनं बघितलं. पाठ मोकळी होती. बरगड्या तेवढ्या मोजता आल्या असत्या.

"आता तू सांग," तानीबाई म्हणाली. "मणक्यात गॅप न्हाय ते कळलं मला. किती दिस म्हणालाय डॉक्टर?"

उपासनेनं सासऱ्याकडं बघितलं. आण्णाप्पानं डोळे उघडले होते. "सांग तिला," तो म्हणाला. "मला ठावं हाय. तिला एकटीलाच कशाला फसवायचं?"

"उन्हाळा निघेल म्हणालेत," उपासना म्हणाली. "पावसाळ्याचं सांगता येत न्हाय."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तानीबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि हात पुढं केला. "दे ती इकडं. कसं लावायचं दाखव."

उपासनेनं मागचा कागद सोलून दिला. तानीबाईनं ती पातळ, आरपार दिसणारी पट्टी नवऱ्याच्या छातीवर, उजव्या बाजूला, हळूच टेकवली.

"वरनं तळहात दाबून धरा, आत्या. तीस आकडे मोजायचे."

तानीबाईनं तळहात दाबला. उपासनेनं तीस आकडे मोजले आणि म्हणाली, "झालं. चिकटली. आता काढा हात."

तानीबाईनं हात काढला नाही.