हातांनी बोलणारं स्वयंपाकघर

मीठ: चिमटीत काही नसताना बोटं चोळायची.

आमच्याकडे मठ आधी आला, गाव मागून त्याला चिकटलं. भिक्षूंचं मौन, त्यामुळे मठाचं स्वयंपाकघर पिढ्यानपिढ्या हातांनीच बोलायचं. मामा तिथले शेवटचे आचारी. त्यांच्याशी असं बोलणारे एकच वृद्ध भिक्षू उरले होते. ते गेले आणि मामांचे हात मांडीवर येऊन पडले ते पडलेच.

झाकण काढ: पालथा तळहात उताणा.

आज संग्रहालयाच्या बाई कॅमेरा घेऊन आल्या. थंड चुलीपुढे मामांना बसवलं. खुणा आज टिपल्या नाहीत तर मामांबरोबरच जाणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामांना जास्तच.

"करा ना सुरू," बाई म्हणाल्या.

"कुणाशी?"

"कॅमेऱ्याशी."

"तो काय उत्तर देणार, कपाळ?" मामा उठायलाच लागले.

मामी येऊन समोरच्या स्टुलावर बसल्या. आयुष्यभर या खुणांची टिंगल त्यांनीच केलेली. त्यांनी बोटं चोळली, मग पोटावर हात फिरवला.

मामा खाली बसले. "हे काय?"

"मीठ कमी पडलंय."

"भिक्षूंचं पोट बिघडलंय, असं झालं ते."

"मग दाखवा तुम्ही. घरी कधी तोंड उघडलं नाहीत, निदान हात तरी हलवा."

पीठ. विस्तव. मोठी कढई. घाई नको.

मामी चुकत होत्या, मामा त्यांचा अंगठा धरून वाकवत होते, कोपर खाली दाबत होते. बाईंनी कॅमेरा कधी सुरू केला, दोघांनाही कळलं नाही.

पुरे: ही खूण मामी शिकायलाच तयार नव्हत्या.

"आणि भांडायचं कसं हो?"

"मठात भांडणाची खूणच नव्हती."

"आपल्याला लागेल." मामींनी दोन तर्जन्या एकमेकींवर आपटल्या.

मामांनी विचार केला. मामींचं एक बोट धरून हलकेच वाकवलं. "असं. एकानं जरा वाकायचं."

"कुणी, ते ठरलेलंच दिसतंय."

"ही खूण किती जुनी?" बाईंनी विचारलं.

"आत्ताची," मामा म्हणाले. "तसंच लिहा." आणि वाकलेलं बोट त्यांनी सोडलं नाही.