बारा टरफलं

"पांढरा नाग! पांढरा नाग!" असा गलका उठला आणि पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या जुन्या कांदाचाळीसमोर दोन-अडीचशे माणसांनी एकदम हात जोडले. त्र्याऐंशी सालची नागपंचमी होती. काचेच्या पेटीत, शंभरच्या बल्बखाली, हातभर लांबीचं पिल्लू वळवळत होतं. अंग दुधासारखं, डोळे लालभडक. शेजारच्या पेटीत त्याचे आईबाप होते, आणि ते दोघंही चांगले काळपट.

"काळ्याच्या पोटी पांढरा! बोलो, कैसे?" भुजंगबाबा गरजले. "सायन्सला विचारा, सायन्स गप! डॉक्टरला विचारा, डॉक्टर गप! चौथं वर्ष हे. दर वर्षी एकच अंडं, दर वर्षी एकच अवतार!"

सायन्स गप होतं, कारण त्याला तिथे कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या रांगेत कुसाबाई बसली होती. तिच्या पाठीशी सून मैना, आणि मैनेच्या मांडीवर तीन महिन्यांची पोर. पोरीचे केस कणसाच्या तुऱ्यासारखे पांढरट, कातडी गुलाबी, उजेड आला की डोळे गच्च मिटायची. मैना म्हणजे कुसाबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. 'मामाची पोर घरात आली, बाहेरची परकी सून नको,' म्हणून कुसाबाईनंच लेकाशी, वाल्मीकशी, लग्न लावून दिलं होतं. आणि आता हे.

बाबांनी पहिल्या नजरेतच निकाल दिला होता. "ही पोर तुमची नाही, नागाची आहे. घरात ठेवाल तर पुढचं मूल आंधळं होईल, नंतरचं मुकं. नागपंचमीच्या आरतीला मठाला देऊन टाका. मी हिला जत्रा-जत्रांतून फिरवीन, लोकं दर्शन घेतील." बाहेर जीप उभी होती. मागच्या सीटवर पोरीसाठी नवी चादरसुद्धा अंथरली होती.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लताबाई आठवड्यापूर्वी घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "हा शाप नाही, कुसाबाई. पोर देऊ नका." कुसाबाईनं त्यांना उंबऱ्यावरूनच हाकललं होतं. तेव्हापासून ती रोज बाबांच्या चाळीची झाडलोट करत होती. सेवा पुरी झाल्याशिवाय बाबा मूल 'स्वीकारणार' नव्हते ना! ऐका आता. नातही द्यायची आणि वर झाडूही मारायचा.

"जा माई, आरतीआधी मागचं अंगण शेवटचं झाडून ये," बाबा म्हणाले.

चाळीच्या मागे राखेचा ढीग होता. तिथं कुणाची तरी काळी कोंबडी पायांनी उकरत होती. नागपंचमीला गावात कुदळ उचलत नाहीत, नांगर धरत नाहीत, भाजीसुद्धा चिरत नाहीत; जमिनीखाली नाग असतो म्हणून. बाबाला हे पक्कं माहीत होतं. पण कोंबडीला नागपंचमी कोण सांगणार?

कुसाबाई तिला हुसकायला गेली आणि जागीच थबकली. राखेतून पांढरी, चामड्यासारखी मऊ टरफलं वर आली होती. तिनं जन्मभर कोंबड्या बसवल्या होत्या. अंडं दिसलं की मोजायचं, ही तिची सवयच होऊन गेली होती. एक, दोन, पाच, नऊ... बारा. प्रत्येकाला आतून चीर. कुजकं अंडं असं चिरत नाही; जितं पिल्लू बाहेर आलं तरच चिरतं. आणि ही टरफलं कोंबडीची नव्हती, सापाची होती.

पुढे शंख वाजला. कुसाबाई टरफलं पदरात घेऊन परतली, तर बाबांचे हात मैनेच्या मांडीपर्यंत पोचले होते. मैना पोरीला छातीशी आवळून हुंदके देत होती. "आत्या, नका ना देऊ वो!"

"बाबा," कुसाबाईनं विचारलं, "अंडं एकच व्हतं म्हणता ना?"

"एकच! नागराजाची शपथ!"

तिनं पदर मोकळा सोडला. "मंग ही बारा टरफलं कुनाची? एक पेटीत हाय. बाकीची अकरा पिल्लं कुटं गेली?"

 बाबांचा चेहरा काळवंडला. "कुणी मागं जायचं नाही! आज जो माती उकरील त्याचा निर्वंश होईल!"

माणसं मागे सरली. निर्वंश म्हटल्यावर कोण पुढं येतो? कुसाबाई मात्र ढिगाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.  "माझा वंश तर हा मेला जीपमधी घालून चाललाय," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी राख उकरू लागली. लताबाई गर्दीतून पुढे येऊन तिच्या शेजारी बसल्या.

आत मडकं निघालं. मडक्यात नऊ पिल्लं, मेलेली, सगळी तपकिरी. अजून दोन कमी होती; लताबाईंनी चाळीत जाऊन बाबाच्या गादीखालची टोपली ओढली. तीत दोन पांढरी जिवंत होती, पुढच्या जत्रांसाठी राखून ठेवलेली.

"नाग कसले? बिनविषारी धामणी आहेत," लताबाई म्हणाल्या. "रंगाचा गुण पिल्लाला आईकडून एक येतो, बापाकडून एक. एक जरी चांगला असला तरी अंगाला रंग चढतो. दोघांच्याही अंगात एकेक बिघडलेला दडून असला, तर चारातलं एखादं पिल्लू पांढरं निघतं. हा माणूस असा गुण दडलेली सख्खी भावंडंच जोडीला ठेवत असणार. तपकिरी मारून पुरतो आणि पांढरं तेवढं दाखवतो."

"आन् माजी नात?"

"तेच. तुमच्या अंगात आणि तुमच्या भावाच्या अंगात ते दडलेलं होतं. मामाची पोर केलीत, दोन्हीकडचं एकत्र आलं. पाप नाही, शाप नाही. उन्हापासून जपा, डोळे डॉक्टरांना दाखवा, शाळेत घाला. घरात आधी कुणी होतं का असं?"

कुसाबाईला एकदम आठवलं. तिच्या बापाची बहीण, भागी. केस असेच पांढरे. सातव्या वर्षी तिला एका गोसाव्याला देऊन टाकली होती. 'देवानं नेली,' असं घरात म्हणायचे, आणि पुढे तिचं नावही कुणी काढलं नव्हतं.

"देवानं नाय नेली," ती रडत म्हणाली. "आमी दिली वो तिला. आमीच दिली."

एवढ्यात जीप सुरू झाली. बाबा पळाले. एवढं होऊनही दोघा-चौघांनी राखेची चिमूट कपाळाला लावलीच. खोटं वाटत असेल तर गावात जाऊन विचारा.

तर लोकहो, चमत्कार दाखवणारा जेवढं दाखवतो तेवढंच बघून हात जोडू नका. त्यानं काय पुरलंय ते विचारा, आणि तो 'उकरू नका' म्हणाला की तिथंच उकरा. शहाणपणाला मुहूर्त लागत नाही. एका कोंबडीला जमलं ते आपल्याला जमू नये?

पुढच्या रविवारी पोरीचं राहिलेलं बारसं झालं. पोरीच्या डोक्यावर कापडी टोपी घालून कुसाबाईनं तिला पाळण्यात ठेवलं, आणि कानात नाव सांगितलं: भागी.